सायंकाळची वीज कोणाची?

सूर्य मावळला की मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत विजेची मागणी झपाट्याने चढू लागते. घरोघरचे दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे, दुकानांची रोषणाई आणि कामावरून परतणाऱ्यांना घेऊन धावणाऱ्या उपनगरी गाड्या, या सर्वांचा भार एकाच वेळी वीजवाहिन्यांवर येऊन पडतो. नेमक्या त्याच वेळी लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर तालुक्यातील शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटर मुकी असते. तिला वीज येणार ती शहरे झोपल्यावर. बालाघाटाच्या माळावर हरभऱ्याला पाणी द्यायचे तर पौषाच्या थंडीत मध्यरात्री उठावे, हातात विजेरी घ्यावी आणि विंचू-सापाची पर्वा न करता तुषार संचाचे पाइप इकडून तिकडे हलवावेत, असा या भागाचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता झाला. वीज खात्याच्या परिभाषेत सायंकाळच्या त्या चार तासांना ‘पीक अवर’ म्हणतात. शेतकऱ्याच्या पिकाशी त्या शब्दाचा संबंध एवढाच, की त्या वेळी पिकाला वीज मिळत नाही.

ही व्यवस्था निसर्गाने ठरवून दिलेली नाही. सायंकाळी मागणी वाढते हा निसर्गक्रम मानता येईल. पण ती मागणी कोणत्या साधनाने भागवायची, त्याचा खर्च कोणी सोसायचा आणि साधन अपुरे पडले तर कोणाची वाहिनी बंद करायची, हे तिन्ही निर्णय माणसे घेतात. ते निर्णय तांत्रिक आहेत असे सांगून सामान्य माणसाला त्यांच्यापासून दूर ठेवले जाते. म्हणूनच त्यामागचे तंत्र थोडे समजून घेणे कार्यकर्त्यांच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

तंत्राचा साधा हिशोब

धान्य कणगीत भरून ठेवता येते. वीज त्या प्रमाणात साठवून ठेवणे अगदी अलीकडेपर्यंत कोणालाच परवडत नव्हते. ज्या क्षणी ती लागते त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. निर्मिती आणि मागणी यांचा तोल सांभाळला तर वीजप्रवाहाची वारंवारिता सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या आसपास स्थिर राहते. मागणी वरचढ झाली की सगळ्या जनित्रांची गती मंदावते, आणि तोल फारच ढळला तर यंत्रे स्वतःच्या रक्षणासाठी एकामागून एक बंद पडतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारतातील वीजजाळे असेच कोसळले आणि कोट्यवधी लोक अंधारात सापडले.

हा तोल सांभाळण्याच्या कामी सर्व वीज केंद्रे सारखी उपयोगी नसतात. कोळशाचे केंद्र थंड पडलेले असेल तर त्याचा प्रचंड बाष्पक तापवून पूर्ण भारावर आणायला दहा-बारा तास, प्रसंगी त्याहून अधिक वेळ लागतो. घाई केली तर जाड पोलादी नळ्यांना तडे जातात. असे केंद्र दिवसरात्र संथपणे चालवायचे असते. सायंकाळी सहाला हाक मारली आणि ते धावून आले, असे होत नाही.

नैसर्गिक वायूवर चालणारे टर्बाइन मात्र हाकेला ओ देते. त्याची रचना विमानाच्या जेट इंजिनासारखी असते. पुढचे दाबयंत्र बाहेरची हवा आत ओढून तिला दहा ते पंधरा पट किंवा अधिक दाबते. त्या दाबलेल्या हवेत वायू जाळला जातो, हजार अंशांहून अधिक तापलेला झोत टर्बाइनच्या पात्यांवर आदळतो आणि जनित्र फिरू लागते. मध्ये पाणी उकळण्याची पायरी नाही. त्यामुळे असे यंत्र साधारणतः अर्ध्या तासाच्या आत पूर्ण भार उचलू शकते आणि रात्री दहाला मागणी ओसरली की तितक्याच सहजतेने बंद करता येते.

या चपळाईची किंमत मोजावी लागते. टर्बाइनने निर्माण केलेल्या शक्तीपैकी निम्मी किंवा अधिक स्वतःचे दाबयंत्र फिरवण्यातच खर्ची पडते आणि पाचशे अंशांहून तापलेला वायू धुराड्यावाटे निघून जातो. इंधनातील उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते. वाया जाणाऱ्या त्या उष्णतेवर वाफ तयार करून दुसरे टर्बाइन फिरवले, तर हे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर जाते. पण बाष्पक आला की वाफ धरण्याचा विलंबही आला. थोडक्यात, काटकसर आणि तत्परता यांत निवड करावी लागते. वायू महाग असल्याने अशी यंत्रे चोवीस तास चालवण्यात शहाणपण नसते, पण दिवसातले तीन-चार तास त्यांच्यावाचून अडते. आगीचा बंब रोज लागत नाही म्हणून कोणी तो मोडीत काढत नाही. बंबाचा खर्च सारे गाव सोसते; मात्र गावात आग लागली तर तो सर्वांच्या घरी गेला पाहिजे, ही त्या वर्गणीमागची अट असते. सायंकाळच्या विजेच्या बाबतीत हीच अट मोडली गेली.

उरण, कोयना आणि परळी

मुंबईच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले आणि दोन वर्षांत उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वर येणाऱ्या वायूला सुरुवातीला पुरेसे गिऱ्हाईक नव्हते; त्यातला पुष्कळसा समुद्रातच जाळून टाकावा लागत असे. ही राष्ट्रीय संपत्ती कामी लावण्याच्या हेतूने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने उरण येथे वायुविद्युत केंद्र उभारले. १९८२ साली ६० मेगावॅटचे पहिले संच आले, काही वर्षांतच १०८ मेगावॅटचे चार संच त्यांच्या जोडीला बसले आणि १९९४ च्या सुमारास वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालणारे १२० मेगावॅटचे दोन संच जोडण्यात आले. जुने संच कालांतराने निवृत्त झाले. उरलेल्या केंद्राची क्षमता ६७२ मेगावॅट धरली जाते. सार्वजनिक पैशाने उभे राहिलेले, देशाच्या स्वतःच्या वायूवर चालणारे हे राज्याच्या मालकीचे केंद्र आहे. तरीही पूर्ण क्षमतेने चालण्याइतका वायू त्याला वर्षानुवर्षे मिळालेला नाही. वायूच्या वाटपात आधी खत कारखाने, मग शहरांतील मोटारी व स्वयंपाकघरे यांना अग्रक्रम मिळाला. २०१४ नंतर शहरी वायू वितरणाचा क्रम सर्वांत वर गेला. खताला वायू देण्यास कोणी शेतकरी हरकत घेणार नाही. पण शहरातील मोटारीला देशी वायू आधी आणि सार्वजनिक वीज केंद्राला उरलासुरला, या क्रमावर विधिमंडळात किंवा संसदेत कधी गंभीर चर्चा झाली असे दिसत नाही.

उरणच्या यंत्रांमागे माणसे उभी आहेत, याचाही विसर पडू नये. ऑक्टोबर २०२२ मध्ये या केंद्रात झालेल्या स्फोटाने तीन कर्मचाऱ्यांचा बळी घेतला. शहराची सायंकाळ उजळ ठेवण्याची किंमत काही घरांनी अशी चुकती केली आहे.

वायूखेरीज दुसरे तत्पर साधन जलविद्युत. कोयनेची चारही टप्प्यांची क्षमता जवळपास दोन हजार मेगावॅट असून तिची जनित्रे काही मिनिटांत भार उचलतात. राज्याच्या सायंकाळचा खरा आधार कोयनाच. पण कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्याच्या पाण्याला ६७.५ अब्ज घनफुटांची वार्षिक मर्यादा घातली आहे आणि उन्हाळ्यात ते पाणी पूर्वेकडच्या सिंचनालाही हवे असते. त्यामुळे कोयना बेताने वापरावी लागते. कोयनेत पाणी कमी आणि उरणला वायू कमी, अशी वेळ आली की सायंकाळचे गणित कोलमडते.

मराठवाड्याचे आपले केंद्र परळीचे. १९७१ पासून कोळसा जाळून या केंद्राने राज्याला वीज दिली. पण वाफेच्या केंद्राला तहानही मोठी. २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळांत पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणण्याची पाळी आली. वाफेविना चालणाऱ्या वायू टर्बाइनला थंडाव्यासाठी नदी लागत नाही, हे पाहता पाण्याला पारख्या झालेल्या प्रदेशाला अशा केंद्राचे महत्त्व अधिक वाटायला हवे. ते केंद्र मराठवाड्यातच असण्याचीही गरज नाही. उरणची वीज तारेवरून अहमदपूरलाही पोचू शकते. अडचण अंतराची नाही, पंक्तीतल्या क्रमाची आहे.

दाभोळचा धडा

वायूची वीज म्हटली की महाराष्ट्रात एन्रॉनची आठवण निघते, आणि ती निघणे योग्यच आहे. १९९२ साली एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी प्राथमिक समझोता झाला आणि १९९३ च्या डिसेंबरात दाभोळ प्रकल्पाचा वीज खरेदी करार झाला. दोन टप्पे मिळून दोन हजार मेगावॅटहून मोठा प्रकल्प, दर डॉलरशी बांधलेला आणि वीज उचलली नाही तरी क्षमतेच्या नव्वद टक्के धरून पैसे मोजण्याची सक्ती! येथे तंत्राचा साधा नियम पायदळी तुडवला गेला. महाग इंधनाचे केंद्र सायंकाळपुरते चालवायचे असते. दाभोळची वीज मात्र दिवसरात्र विकत घेणे मंडळावर बंधनकारक झाले. एवढे मोठे केंद्र सदैव चालवण्याची महाराष्ट्राला गरज नाही आणि त्यामुळे कोळशाची स्वस्त वीज मागे सारावी लागेल, असे खुद्द जागतिक बँकेने १९९३ सालीच कळवून कर्ज नाकारले होते. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या अभ्यासकांनी कराराची चिरफाड केली. गुहागर परिसरातील ग्रामस्थ लाठ्या खात होते आणि मृणाल गोरे यांच्यासारख्या नेत्या त्यांच्या पाठीशी उभ्या होत्या. १९९५ साली नव्या सरकारने करार रद्द केला खरा, पण काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून तो अधिक मोठ्या स्वरूपात पुन्हा गळ्यात बांधून घेतला.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९९९ च्या मे महिन्यात पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. वीज मंडळाला आपली स्वस्त वीज मागे ठेवून ती महाग वीज उचलावी लागली. एका युनिटचा दर सात रुपयांच्याही पुढे गेला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने खरेदी थांबवली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एन्रॉनने दिवाळे काढले. २००५ साली सार्वजनिक कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने ते केंद्र हाती घेतले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील खासगी क्षेत्रातून मिळणारा वायू आटला आणि २०१३ नंतर ते पुन्हा बंद पडले. पुढे रेल्वेसाठी अंशतः चालले, आणि आता बहुतेक काळ त्याची यंत्रे स्तब्धच असतात. शेजारच्या धक्क्यावर द्रवरूप वायूची जहाजे लागतात आणि तो वायू नळाने दूर बंगळूरपर्यंत जातो. केंद्राला तो परवडत नाही.

एन्रॉन प्रकरणातून काही जण असा निष्कर्ष काढतात की वायूची वीजच मुळात वाईट. हा निष्कर्ष चुकीचा आहे. उरण आणि दाभोळ या दोन्ही ठिकाणी तत्त्वतः एकच यंत्र आहे. उरणने राज्याची सेवा केली आणि दाभोळने राज्याला कर्जात लोटले, कारण एकाचा हिशोब लोकांच्या गरजेवरून मांडला गेला आणि दुसऱ्याचा नफ्याच्या हमीवरून. यंत्राला जात नसते, कराराला असते.

अंधार हेच केंद्र

दाभोळच्या ओझ्याखाली वाकलेल्या मंडळाने दुसरीकडे नवी क्षमता उभारली नाही. परिणामी २००५ पासून राज्यात सायंकाळची तूट चार-पाच हजार मेगावॅटपर्यंत गेली. एवढी तूट भरून काढणारे वायुविद्युत केंद्र राज्याजवळ नव्हते. मग ती भरली कशाने? अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधार अशा शेकडो तालुक्यांच्या वाहिन्या बंद ठेवून! हजार मेगावॅट निर्माण करणे आणि हजार मेगावॅटची मागणी तोडणे, तोल सांभाळणाऱ्या अभियंत्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. या अर्थाने ग्रामीण महाराष्ट्राचा अंधार हेच राज्याचे सर्वांत मोठे आणि फुकटचे ‘पीक अवर’ केंद्र ठरले. उरणच्या यंत्राला इंधनाचे पैसे मिळतात, दाभोळला न चालताही पैशांची हमी होती. अहमदपूरच्या शेतकऱ्याने, पिठाच्या गिरणीवाल्याने आणि दहावीच्या परीक्षेला बसलेल्या विद्यार्थिनीने जी क्षमता राज्याला पुरवली तिचा मोबदला एक पैसाही नाही.

उलट त्यांनाच दोषी ठरवले गेले. वीजहानी आणि थकबाकी यांच्या प्रमाणात वाहिन्यांचे गट पाडण्यात आले आणि अधिक हानीच्या गटाला अधिक अंधार, असा न्याय लागू झाला. २०१२ च्या अखेरीस राज्य भारनियमनमुक्त झाल्याचे जाहीर झाले तेव्हाही या शेवटच्या गटांची सुटका झाली नव्हती. २०२२ च्या एप्रिलमध्ये कोळसा कमी पडला तेव्हा पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच आली. ज्याने वेळेवर बिल भरले त्यालाही शेजाऱ्याच्या आकड्यापायी अंधार भोगावा लागला. ही सामुदायिक शिक्षा कोणत्या कायद्यात बसते? शिवाय मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने फुगवून खरी गळती व चोरी शेतकऱ्याच्या नावावर घातली जाते, हे वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षे आकडेवारीनिशी मांडत आले आहेत.

याच काळात, २००६ साली, पुण्याने वेगळा मार्ग काढला. तेथील कारखानदारांनी आपली जनित्रे चालवावीत, त्याचा जादा खर्च शहराच्या ग्राहकांनी सोसावा आणि शहर भारनियमनातून मुक्त व्हावे, अशी योजना वीज नियामक आयोगाने मंजूर केली. पुणेकरांनी नियमाबाहेर काही केले नाही. पण पैसे मोजू शकणाऱ्याला सायंकाळचा प्रकाश आणि न मोजू शकणाऱ्याला सायंकाळचा अंधार, हे तत्त्व त्या दिवशी राजमान्य झाले.

सौर ऊर्जा आणि नवी सायंकाळ

आता परिस्थिती बदलली, असे सांगितले जाते. २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती आली. गावाजवळच्या सौर प्रकल्पातून शेतीला दिवसा वीज मिळू लागली. ही दिशा निःसंशय योग्य आहे. दिवसा पाणी देता येणे हा शेतकऱ्याचा हक्कच होता, आणि त्यासाठी गावोगाव रास्ता रोको आणि धरणी धरावी लागली होती. पण सौर विजेने सायंकाळचा प्रश्न सुटत नाही, तो अधिक टोकदार होतो. दुपारी वीज उतू जाते आणि सूर्य मावळताच तासा-दोन तासांत हजारो मेगावॅटची पोकळी पडते. कोळशाचे केंद्र दुपारी एका मर्यादेखाली उतरवता येत नाही आणि सायंकाळी पुरेशा वेगाने चढवता येत नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत पोचली, तेव्हा केंद्र सरकारला कायद्यातील विशेष अधिकार वापरून बंद पडलेली वायू केंद्रे चालू ठेवण्याचा आदेश द्यावा लागला होता. देशात त्या वेळी सुमारे २५ हजार मेगावॅटची वायू केंद्रे उभी होती. वर्षभराच्या वीजनिर्मितीत त्यांचा वाटा मात्र दोन टक्क्यांच्या आसपास.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. आयात वायूचा भाव परदेशातील युद्धावर हलतो, हे युक्रेनच्या युद्धाने २०२२ साली दाखवून दिले. वायूही जळतो आणि हवा तापवतोच. तेव्हा त्यापेक्षा विद्युतघट आणि पाणी वर चढवून साठवणारे उदंचन प्रकल्प बरे नव्हेत काय? आक्षेप रास्त आहे. नवी वायू केंद्रे बांधावीत असे म्हणण्याचे कारण उरलेले नाही. घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचा सार्वजनिक उदंचन प्रकल्प चालतो आहे आणि तो मार्ग वाढवण्याजोगा आहे. परंतु पुरेशी साठवण उभी राहीपर्यंतची वर्षे कशी काढायची? उरण मोडीत निघाले आणि साठवण तयार नसली, तर पोकळी पुन्हा कोणत्या केंद्राने भरली जाईल हे अहमदपूरला सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारने अलीकडे खासगी कंपन्यांशी एकामागून एक सामंजस्य करार केले आहेत. उद्या सायंकाळची वीज ज्याच्या हाती तोच विजेचा भाव ठरवील. करार कसे होत आहेत, न वापरलेल्या क्षमतेचे पैसे किती वर्षे मोजायचे आहेत, डोंगर आणि पाणी कोणाचे जाणार आहे, हे प्रश्न करार होण्यापूर्वी विचारले पाहिजेत. दाभोळच्या वेळी ते उशिरा विचारले गेले.

यातून मागण्यांचा क्रम स्पष्ट होतो. उरणचे केंद्र सार्वजनिक मालकीत आणि चालू स्थितीत राहावे, त्याच्यासाठी देशी वायूचा निश्चित वाटा सायंकाळच्या तासांपुरता राखून ठेवावा आणि तेथील कामगारांच्या सुरक्षिततेची हमी असावी. साठवणीचे प्रकल्प शक्यतो सार्वजनिक क्षेत्रात व्हावेत आणि प्रत्येक करार सह्या होण्याआधी जनतेसमोर ठेवावा. तूट पडलीच तर ती सर्वांनी वाटून घ्यावी. जाहिरातींचे झगमगते फलक आणि बाजारसंकुलांचे वातानुकूलन आधी, गावठाणाचा दिवा आणि पाणीपुरवठ्याचा पंप सर्वांत शेवटी. आणि ज्याची वाहिनी राज्याच्या सोयीसाठी बंद ठेवली जाईल त्याला, वीज केंद्राला स्थिर आकार मिळतो त्याच न्यायाने, बिलातून भरपाई मिळावी. ही शेवटची मागणी कोणाला विचित्र वाटेल. पण न चालणाऱ्या यंत्राला पैसे देणे ज्या राज्याला विचित्र वाटले नाही, त्याला न मिळालेल्या विजेचे पैसे देणे विचित्र वाटण्याचे कारण नाही.

दरवाढीच्या प्रस्तावांवर वीज नियामक आयोगाच्या जनसुनावण्या होतात. त्या मोठ्या शहरांत भरतात आणि तेथे कारखानदारांचे सल्लागार जाडजूड कागदपत्रांनिशी हजर असतात. अहमदपूरच्या कार्यकर्त्यांनी तालुक्यातील प्रत्येक वाहिनी महिन्यातून किती तास आणि कोणत्या वेळी बंद राहिली याची साधी नोंदवही ठेवली, आणि पुढच्या सुनावणीत ती आयोगासमोर उघडली, तर लढ्याची सुरुवात झाली असे म्हणता येईल. त्या वहीत लिहिलेला प्रत्येक तास म्हणजे या तालुक्याने राज्याला पुरवलेली, आणि आजवर कोणी न मोजलेली, सायंकाळची वीज असेल.